औसा रोडवरचं गेमिंग कॅफे आणि उदगीर गटाची जागा

लातूरच्या राजीव गांधी चौकातून औसा रोडला लागलं की थोड्याच अंतरावर एका मेडिकल दुकानाच्या वर, दुसऱ्या मजल्यावर हे गेमिंग कॅफे आहे. खाली संध्याकाळी सुशीला (फोडणीचे चुरमुरे) आणि भज्यांचा गाडा लागतो. जिना चढेपर्यंत तळणाचा वास आणि दार उघडलं की एसीचा गारठा. नाव लिहीत नाही. पुढे माझी एक तक्रार आहे. ती मी मालकांना तोंडावर सांगितली आहे आणि त्यांनी ती ऐकून घेतली आहे, म्हणून नाव टाकून गाजावाजा करावा असं वाटत नाही. लातुरात खेळणाऱ्यांना एवढ्या खुणेवर जागा कळेल.

मी इथे दीड वर्षापासून जाते. पॅथॉलॉजी लॅबमध्ये टेक्निशियन आहे, सकाळी सातला नमुने घ्यायला बसते आणि चारला सुटते. खेळते कमी, बघते जास्त. घरचे जसं क्रिकेट बघतात तसं मी व्हॅलोरंट आणि काउंटर-स्ट्राइक बघते, पाच-पाच जणांच्या संघांनी खेळायचे हे बंदुकीचे कॉम्प्युटर गेम. धाकटा भाऊ उदगीरला बीसीएला आहे, तो खेळतो. आमच्या घरात हे वेड पबजीपासून आलं. ऑगस्ट 2020 मध्ये ऑरेंज रॉक ही भारताची टीम पबजीच्या वर्ल्ड लीगच्या पूर्व विभागात दुसरी आली, तेव्हा भाऊ गल्लीभर ओरडत फिरला होता. महिनाही झाला नाही आणि 2 सप्टेंबरला गेमच बंद झाला. आपण कितीही चांगलं खेळलो तरी आपली जागा दुसऱ्याच कुणाच्या तरी निर्णयावर अवलंबून असते, हे त्याला तेव्हा नववीत कळलं.

आधी कॅफेच्या साध्या गोष्टी सांगते. 14 मशीन आहेत, त्यातल्या 10 नव्या. ताशी 60 रुपये, शनिवार-रविवारी 80. खुर्च्या बऱ्या आहेत, दोनांचे हात मोडलेत. हेडफोनचे फोम दर महिन्याला बदलतात, हे मी मुद्दाम लिहिते, कारण बाकी ठिकाणी घामट फोम कानाला लावायची शिसारी येते. व्हॅलोरंटचा सर्व्हर मुंबईत असल्यामुळे पिंग चांगला मिळतो. पिंग म्हणजे सर्व्हरपर्यंत जाऊन यायला लागणारे मिलिसेकंद, जितके कमी तितकं बरं. मी बसते तेव्हा 25 ते 30 च्या आसपास असतो. काउंटर-स्ट्राइकलाही तसाच. लाइट गेली तर यूपीएसवर वीसेक मिनिटं निघतात, तेवढ्यात चालू सामना संपवा असं पोरं स्वतःच एकमेकांना सांगतात. कीबोर्डजवळ खाणं बंद आहे आणि ते खरोखर पाळलं जातं. गाड्यावरची सुशीला घेऊन वर आलात तर बाहेरच्या बाकड्यावर बसून खावी लागते.

बाईमाणसाने कुठेही जाताना बघावं ते मी इथेही बघितलं. जिन्यात दिवा आहे. काउंटरवर बसणारा मुलगा 'ताई' म्हणतो आणि तसाच वागतो. खेळताना कुणी माइकवर घाण बोललं तर मालक उठून येतात आणि मशीन बंद करतात, हे माझ्यासमोर दोनदा झालंय. बाथरूमची कडी सुरुवातीचे चार महिने मोडकी होती. तीनदा सांगितल्यावर बसवली. आता मुली येतात, चार-पाच तरी नेहमीच्या आहेत.

इथली सगळ्यात चांगली सेवा म्हणजे सामने दाखवणं. भिंतीवर मोठा टीव्ही, समोर 30 प्लास्टिकच्या खुर्च्या, चहासकट 40 रुपये. व्हॅलोरंटच्या पॅसिफिक लीगचे, म्हणजे आशियाच्या आपल्या बाजूच्या विभागाचे सामने सोलला होतात, त्यामुळे आपल्याकडे ते दुपारी पडतात आणि रविवारची दुपार त्यात छान जाते. 2023 मध्ये ही लीग सुरू झाली तेव्हा दहा संघांत भारताचा एक होता, ग्लोबल ईस्पोर्ट्स. तेव्हापासून भांडण ठरलेलं. पहिल्या वर्षीच्या संघात कोरियाचे, फिलिपिन्सचे, इंडोनेशियाचे खेळाडू होते आणि आपले स्क्रॉसी आणि लाइटनिंगफास्ट. मागच्या रांगेतला एक जण म्हणायचा, हा भारताचा संघ कसा? पुढच्या रांगेतला म्हणायचा, जिंकायचं असेल तर कोरियन पाहिजेच. मी दोघांच्या मधे बसायचे आणि माझं मत दर सामन्याला बदलायचं. स्क्रॉसी चांगला खेळला की मला वाटायचं पाचही आपलेच हवेत. सलग तीन राऊंड हरले की वाटायचं, असू दे बाई कोरियन.

मग चीनची गोष्ट. 2024 पासून चीनला व्हॅलोरंटची स्वतःची लीग मिळाली आणि चॅम्पियन्स या जागतिक स्पर्धेच्या 16 जागांपैकी चार. उत्तर आणि दक्षिण अमेरिका मिळून चार, युरोप आणि त्याच्या बाजूचे देश मिळून चार, पॅसिफिक चार, चीन चार. आमच्या खुर्च्यांवर आरडाओरडा झाला. काल आलेल्यांना चार आणि इतकी वर्षं खेळणाऱ्यांनाही चारच? पॅसिफिकचा पाचवा संघ चीनच्या चौथ्याला धूळ चारेल, असं सगळे म्हणायचे. मीही म्हणायचे. त्याच वर्षी 25 ऑगस्टला सोलमध्ये फायनल झाली आणि चीनच्या एडवर्ड गेमिंगने युरोपच्या हेरेटिक्सला 3-2 ने हरवून जगज्जेतेपद नेलं. टीव्हीसमोर त्या दिवशी ओरडणारे सगळे हजर होते. कुणी काही बोललं नाही, चहाचे कप गोळा करायला मात्र सगळे उठले.

काउंटर-स्ट्राइकची रात्र त्याहून मोठी. 22 जून 2025, रविवार. अमेरिकेत ऑस्टिनला मेजरची, म्हणजे काउंटर-स्ट्राइकच्या सगळ्यात मोठ्या स्पर्धेची फायनल होती, म्हणजे आपल्याकडे मध्यरात्रीचा कारभार. मालकांनी शटर अर्धं खाली ओढून कॅफे चालू ठेवलं. एका बाजूला युरोपची व्हिटॅलिटी, दुसऱ्या बाजूला मंगोलियाची द मंगोल्झ. मंगोलिया देशाची सगळी लोकसंख्या आपल्या नांदेड जिल्ह्याएवढी आहे, साधारण 34-35 लाख. एवढ्याशा देशातली पाच पोरं जगातल्या सगळ्यात मोठ्या स्पर्धेच्या शेवटच्या सामन्यात बसली होती. ही टीम वर्षानुवर्षं आशियाला राखून ठेवलेल्या जागांतून मेजरला यायची, आणि वर्षानुवर्षं युरोपचे चाहते म्हणायचे की या जागा वाया जातात, आमचे बाराव्या नंबरचे संघ यांच्यापेक्षा चांगले आहेत. मेजरला येऊन-येऊन, मार खाऊन-खाऊन ती टीम तयार झाली. फायनल व्हिटॅलिटीने 2-1 ने नेली. पण पहाटे जिना उतरताना जिंकलेल्यांबद्दल कुणी बोलत नव्हतं. दोनच महिन्यांनी रियाधच्या ई-स्पोर्ट्स वर्ल्ड कपमध्ये मंगोल्झ जिंकलेच.

त्या रात्रीच मालकांच्या डोक्यात तालुक्यांच्या जागांचं आलं, असं ते स्वतः सांगतात. "मंगोलियाला जागा ठेवली म्हणून मंगोलिया आला. आपल्याकडं उदगीर-जळकोटची पोरं येतच न्हाईत. त्यांना म्हाईत हाय, लातूरची पोरं शनिवारच्या फेरीतच समद्या जागा खाऊन टाकतेत."

तोपर्यंत त्यांची स्पर्धा साधी होती. आठ संघ, शनिवारी खुली फेरी, रविवारी बाद फेरी. दिवाळीनंतरच्या स्पर्धेला त्यांनी आठपैकी चार जागा लातूर शहराच्या खुल्या फेरीला ठेवल्या आणि चार बाहेरच्या गटांना दिल्या: उदगीर-देवणी-जळकोट, निलंगा-शिरूर अनंतपाळ, अहमदपूर-चाकूर, औसा-रेणापूर. गटाची पात्रता फेरी घरून ऑनलाइन, रविवारी फक्त गटातल्या पहिल्या संघाने लातूरला यायचं. पाचात किमान तीन खेळाडू त्या गटातले हवेत, दोन बाहेरचे चालतील. जिल्ह्याचे दहाही तालुके यात बसतात. मी तो मेसेज बघितला तेव्हा लॅबमध्ये होते, आणि तिथूनच भावाला फोन लावला.

तीन-दोनचा हिशोब त्यांनी लीग ऑफ लेजंड्स या दुसऱ्या गेमवरून घेतला. 2014 मध्ये एलएमक्यू नावाचा चीनचा अख्खा संघ अमेरिकेत राहायला गेला, तिथल्या लीगमध्ये उतरला आणि अमेरिकेची जागा घेऊन वर्ल्ड्स या जागतिक स्पर्धेला पोचला. अमेरिकेचे चाहते पेटले होते: आमच्या नावावर हे कोण? त्याच वर्षी नियम आला की मैदानात उतरणाऱ्या पाचांत बाहेरच्या विभागाचे दोनच. मालकांना हे सगळं तोंडपाठ आहे. त्यांच्याशी बोलायला बसलं की तास जातो, आणि तो तास ते बिलात लावत नाहीत.

लातूर शहरातल्या पोरांनी मात्र नियम ऐकून कॅफे डोक्यावर घेतलं. त्यांचं म्हणणं मी इथे नीट मांडते, कारण ते खोटं नव्हतं. रोज संध्याकाळी 60 रुपये मोजून सराव करणारा लातूरचा पाचव्या नंबरचा संघ घरी बसणार, आणि जळकोटहून तीन संघांत पहिला आलेला संघ थेट रविवारी येणार. "भैय्या, जो चांगला तो खेळंल. खुली फेरी ठेवा ना समद्यांना!" एकाने डोटा या गेममधल्या ओजी संघाचा दाखला दिला. 2018 मध्ये ते खुल्या पात्रता फेरीतून वर आले आणि थेट द इंटरनॅशनल, म्हणजे डोटाची जागतिक स्पर्धा जिंकले. दाखला खरा आहे. पण ती खुली फेरीही युरोपची होती, सगळ्या जगाची एकत्र नव्हती. त्याच डोटामध्ये पुढे सहा विभागांच्या लीग केल्या तेव्हा आपल्या दक्षिण आशियाला एकही मिळाली नाही, भारतातल्या संघांना आग्नेय आशियाच्या फेरीत शिरावं लागायचं. मुंबईला 25 पिंगवर खेळायची सवय असलेल्या पोराने सिंगापूरच्या सर्व्हरवर फिलिपिन्सच्या पोरांशी लढायचं, आणि हरला की म्हणायचं, तुमच्याकडे दमच नाही.

विभागांच्या रेषा माणसाला किती लागतात हे आपल्याला बाहेरून शिकायची गरज नाही. महसूल विभागाचं आयुक्तालय नांदेडला की लातूरला यावरून 2009 मध्ये इथले रस्ते बंद पडले होते. मी शाळेत होते, चार दिवस सुट्टीसारखे गेले. म्हणून 2025 मध्ये लीग ऑफ लेजंड्सवाल्यांनी उत्तर अमेरिका आणि ब्राझील एका लीगमध्ये कोंबले तेव्हा ब्राझीलचे लोक का चिडले, हे मला समजावून सांगावं लागलं नाही. एका वर्षात ती लीग मोडली आणि 2026 साठी दोन्ही जुन्या लीग परत आणल्या. आपल्या नावाची लीग गेली की सामने तेच असूनही बघावेसे वाटत नाहीत.

माझा स्वतःचा विभागाच्या नियमाशी संबंध याहून जुना आहे, आणि तो गेममधला नाही. मी 2017 ला नीट दिली. तेव्हा वैद्यकीय प्रवेशाला 70:30 होतं, आपापल्या विभागातल्या 70 टक्के जागा तिथल्याच मुलांना आणि 30 टक्के बाहेरच्यांना. ऐकायला न्याय्य वाटतं. पण मराठवाड्यात सरकारी मेडिकल कॉलेजं तेव्हा चार: औरंगाबाद, अंबाजोगाई, नांदेड, लातूर. शिकणारी पोरं ढीगभर आणि जागा मूठभर. माझ्याएवढे मार्क असलेल्या मुलीला पुण्याकडे जागा मिळत होती आणि मी इथल्या रांगेत मागे होते. सप्टेंबर 2020 मध्ये ते सूत्र रद्द झालं, तोवर मी डीएमएलटी (लॅब टेक्निशियनचा डिप्लोमा) करून नोकरीला लागले होते. म्हणून 'विभागाला राखीव जागा' हे शब्द ऐकले की मी आधी एकच विचारते: जागा किती, आणि त्या रांगेत माणसं किती? मंगोलियाच्या बाबतीत जागेमुळे दार उघडलं. आमच्या बाबतीत तोच शब्द वापरून दार अरुंद केलं होतं. मालकांच्या नियमात उदगीर गटाला जिथे शून्य जागा होत्या तिथे एक मिळत होती, आणि लातूरला आठपैकी चार तरीही राहत होत्या. मी पहिल्या दिवसापासून त्यांच्या बाजूने होते आणि आजही आहे.

आता तक्रार.

भावाच्या संघात भाऊ धरून दोघं उदगीरचे, एक देवणीचा, एक जळकोटचा. पाचवा कमलनगरचा, म्हणजे कर्नाटकातला, बीदर जिल्ह्यातला, पण कॉलेजला उदगीरला असतो, तिथेच खोली करून राहतो. जळकोटचा मुलगा लातूरला नीटच्या क्लासला आहे, वसतिगृहात राहतो, आणि आठवड्यातून दोनदा इथेच कॅफेत बसून बाकी चौघांशी ऑनलाइन सराव करतो. पाचात चार गटातले, एक बाहेरचा. नियमात चोख बसत होते. गटाची फेरी त्यांनी जिंकली.

शनिवारी रात्री नऊला मेसेज आला: पाचही खेळाडू सध्या त्या गटात राहणारे हवेत.

कारण कळलं ते असं. अहमदपूर-चाकूर गटातून जो संघ वर आला होता, त्यातले तिघं मूळचे तिकडचे, पण चार वर्षांपासून लातूरच्या वसतिगृहात राहून लातूरच्या सगळ्यात तगड्या संघात खेळणारे. दोन लातूरचेच मित्र सोबत घेतले आणि शहराच्या फेरीत घाम न गाळता गावाकडच्या जागेवरून आत आले. एलएमक्यूचाच प्रकार. लातूरच्या पोरांनी मालकांना घेरलं, आणि मालकांनी रात्रीतून नियम फिरवला.

पळवाट खरी होती, बंद करायलाही हवी होती. पण सामन्याच्या आदल्या रात्री नऊला? त्या एका ओळीने जळकोटात जन्मलेला, जळकोटात दहावी केलेला मुलगा 'लातूरचा' ठरून बाहेर गेला, आणि कमलनगरचा मुलगा उदगीरला राहतो म्हणून आत राहिला. मला कमलनगरच्या पोराबद्दल काहीही म्हणायचं नाही, तो गुणी आहे. पण लातुरात वसतिगृहात राहणारी निम्मी पोरं नांदेडची, परभणीची, बीडची, हिंगोलीची आहेत. क्लास इथे आहेत म्हणून ती इथे आहेत. दोन वर्षं पत्र्याच्या पेटीवर पुस्तकं मांडून राहिलं म्हणून कुणाचं गाव बदलतं का?

भावाने रात्री दहाला उदगीरच्या एका मित्राला उठवला. तो मुलगा एकटा बरा खेळतो, पण यांच्यासोबत एकदाही बसलेला नव्हता. सकाळी पहिल्या एसटीने नळेगावमार्गे पाच जण आले. जळकोटचा मुलगा वसतिगृहातून चालत आला. त्याच्या दप्तरात त्याचा माउस होता, नॅपकिनमध्ये गुंडाळलेला. तो त्याने काढला, नॅपकिनची घडी करून परत दप्तरात ठेवली आणि माउस बदली मुलाच्या हातात दिला. म्हणाला, "मागचं बटन जरा कडक हाय, जोरात दाब." एवढंच. मग तो भिंतीला टेकून उभा राहिला. बाहेरच्याने बोलायचं नाही असा नियम आहे, म्हणून दोन्ही सामने त्याने स्वतःचा तळहात तोंडावर धरून बघितले.

पहिला सामना औसा-रेणापूरशी होता, तो हे जिंकले. उपांत्य फेरीत लातूरचा संघ आला. मशीन बदलली. पहिल्या अर्ध्यात 4-8. भाऊ मागे वळून म्हणाला, "आक्का, नेम लागंना गेलाय. माउस जड लागायलाय." मी त्याच्या खुर्चीमागे गेले. दिवसभर सूक्ष्मदर्शकात बघून माझ्या डोळ्यांना एक सवय लागली आहे, हलणारी गोष्ट नीट हलते की अडखळते ते कळतं. त्याच्या स्क्रीनवर कर्सर अडखळत होता. मधल्या वेळेत डिस्प्लेचं सेटिंग उघडलं. मॉनिटर 144 हर्ट्झचा, म्हणजे सेकंदाला 144 चित्रं दाखवणारा, सेटिंग 60 वर. शेजारच्या मशीनवरही तेच. बाकी तीन बरोबर. कुणी मुद्दाम केलं असेल असं मला वाटत नाही. मागच्या आठवड्यात त्या दोन मशीनवर विंडोज नव्याने टाकलं होतं आणि सेटिंग तसंच राहून गेलं. पण 30 हजारांच्या मशीनसमोर बसून तुम्ही निम्म्याहून कमी चित्रं बघत असाल तर समोरचा कोपऱ्यातून आलेला कळायला उशीर होतोच. दुरुस्त केल्यावर दुसऱ्या अर्ध्यात 5-5 झाले. सामना 9-13 ने गेला.

हरल्याचं दुःख मला नाही. लातूरचा संघ चांगलाच होता आणि पुढे स्पर्धाही त्यानेच जिंकली. शेवटी पोरांनी हात मिळवले, लातूरच्या कॅप्टनने जळकोटच्या मुलाला स्वतःहून विचारलं, "तू का खेळला नाहीस?" त्याला नियम बदललेला माहीतच नव्हता.

बक्षीस वाटप झाल्यावर मी मालकांपाशी थांबले. म्हटलं, तुमची कल्पना मला मनापासून आवडली, म्हणूनच बोलते. नोंदणी बंद झाल्यावर नियमाला हात लावायचा नाही, पळवाट सापडली तर पुढच्या वेळी बुजवा. गाव कोणतं हे दहावीच्या शाळेवरून धरा, आजच्या खोलीवरून नको. मशीन सामन्याआधी दोन्ही संघांसमोर तपासा. आणि सकाळी नऊचा सामना बाहेरच्या गटाला देऊ नका, उदगीरहून 65 किलोमीटर यायचंय, पोरं पाचला उठून आलेत. त्यांनी मधे एकदाही तोडलं नाही. "चुकलं माझं, ताई," म्हणाले. "पोरांनी घेरलं आन मी घाबरलो."

मी पुढचे चार दिवस गेले नाही. पाचव्या दिवशी गेले तर काउंटरच्या मागे कार्डशीट लावलेली होती. वर दहा तालुक्यांची नावं, खाली गट, खाली नियम, त्यात दहावीची शाळा, नोंदणीनंतर बदल नाही, आणि बाहेरच्या गटांचे सामने अकरानंतर. प्रत्येक मशीनवर एक चिठ्ठी: हर्ट्झ, पिंग, तपासणाऱ्याची सही. शहराच्या खुल्या फेरीतून आता पाच संघ घेणार आहेत आणि एकूण नऊ, पाचव्या जागेसाठी सकाळी एक जादा सामना. लातूरच्या पोरांचंही म्हणणं त्यांनी टाकलं नाही, हे मला आवडलं.

आईवडिलांसाठी एक. आमचे दादा, म्हणजे वडील, स्पर्धेचं ऐकून आधी घाबरले होते, कारण ऑनलाइन गेमच्या नादात पैसे घालवलेली पोरं त्यांनी बघितली आहेत. ऑगस्ट 2025 च्या कायद्याने पैसे लावून खेळायचे ऑनलाइन गेम बंद केले आणि ई-स्पोर्ट्सला वेगळी मान्यता दिली, हा फरक मी त्यांना बसून सांगितला. कॅफेतही पैज लावणाऱ्याला बाहेर काढतात, तशी पाटी दारातच आहे.

सामने बघायला जायचं असेल तर रविवारी दुपारी एकच्या आत जा, पंख्याखालच्या खुर्च्या लवकर भरतात. खेळायला जायचं असेल तर 11 आणि 12 नंबरची मशीन घ्या, खिडकीपासून लांब आहेत, उन्हाची तिरीप येत नाही. पुढच्या स्पर्धेसाठी नाव द्यायचं असेल तर आधारची झेरॉक्स आणि दहावीचं प्रमाणपत्र सोबत न्या. वसतिगृहातल्या पोरांनी प्रमाणपत्र घरून आत्ताच मागवून घ्या. जळकोटच्या मुलाने आणून दिलंय, त्याचं नाव कार्डशीटच्या शेजारच्या यादीत उदगीर गटाखाली पहिलं आहे.